अंगणवाडी हा शब्द आला कुठून? बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक यांची गोष्ट

विशेष लेख : ३१ ऑगस्ट, ताराबाई मोडक स्मृतिदिन

बेळगावहून खानापूरच्या बाजूला निघालं की रस्त्याकडेच्या जवळजवळ प्रत्येक गावात एक पाटी दिसते. पाटी कन्नडमध्ये असते, पण वाचली की शब्द आपलाच निघतो. अंगनवाडी. हैदराबादला गेलात तर तोच शब्द तेलुगूत लिहिलेला, वडोदऱ्याला गुजरातीत, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीत. ण चा न होतो, अ चा आ होतो, एवढाच फरक. भाषेवरून आपल्या भागात किती वर्षं वाद चाललाय ते नव्यानं सांगायला नको. पण हा एक शब्द कुणालाही न दुखवता सगळ्या सीमा ओलांडून गेला आणि तिथलाच होऊन बसला.

या शब्दामागं एक बाई आहेत. आज ३१ ऑगस्ट, त्यांचा स्मृतिदिन. ताराबाई मोडक. महाराष्ट्रात बालवाडीच्या शिक्षिकांना हे नाव ठाऊक असतं, कारण त्यांच्या अभ्यासक्रमात असतं. बाकीच्यांना नसतं. आमच्या इकडं तर अंगणवाडीत वीस-वीस वर्षं काम केलेल्या बायकांनाही ते ऐकून नवल वाटलं. म्हणून हा लेख.

मी शाळामास्तर नाही. कॉमर्सला होतो, त्यामुळं कुठलीही गोष्ट ऐकली की आधी खर्च किती आणि तो कोण भरणार, हे डोक्यात येतं. ताराबाईंचं आयुष्य वाचताना मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते याच प्रश्नानं. लहान पोरांची चांगली देखभाल आणि चांगलं शिक्षण स्वस्तात कसं करायचं, आणि ते ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या दारापर्यंत कसं न्यायचं, यात बाईंनी आयुष्याची शेवटची तीस वर्षं घातली.

मुंबई ते अमरावती

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाचं. त्या काळात प्रार्थना समाजाचं घर म्हणजे मुलींना शिकवणारं, जातपात फारशी न मानणारं आणि त्यापायी नातेवाइकांची बोलणी खाणारं घर. त्या वातावरणात ताराबाई वाढल्या. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या सालात पदवी घेतलेली मराठी मुलगी म्हणजे बोटावर मोजण्याइतक्यांतली एक.

पुढं कृष्णराव मोडक या वकिलांशी लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. एक मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. आज हे वाक्य आपण सहज लिहितो. शंभर वर्षांपूर्वी एकोणतीस वर्षांच्या बाईनं पदरात पोर घेऊन वेगळं होणं म्हणजे काय असेल, ते ज्यानं त्यानं आपल्या गल्लीतल्या बायकांची परिस्थिती आठवून समजून घ्यावं. रत्नाकर मतकरींनी पुढं त्यांच्या आयुष्यावरून घर तिघांचं हवं हे नाटक लिहिलं, ते आपल्यातल्या काही वाचकांनी पाहिलंही असेल.

वेगळं झाल्यावर पोटापाण्याचं बघायला हवं होतं. नोकरी मिळाली ती थेट राजकोटला, काठेवाडात. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारं हे कॉलेज. हुद्दा मोठा, पगार चांगला, राहायची सोय. कुणीही म्हटलं असतं की बाईंचं नशीब उघडलं. त्या तिथं दोन वर्षं राहिल्या आणि नोकरी सोडली.

भावनगरचा मिशाळ मास्तर

सोडण्याचं कारण भावनगरला होतं. तिथं दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती आणि तिथं गिजुभाई बधेका नावाचा माणूस होता. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या काळजीतून ते मॉन्टेसरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत पोचले, वकिली सोडली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्तीत बालमंदिर काढलं. दिसायला भरघोस मिशांचा माणूस, आणि पोरांवर माया आईसारखी. गुजरातेत त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशावाली आई म्हणायचे, ते यामुळंच.

ताराबाईंच्या पदरी लहान मुलगी होती. तिच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांच्याही घरात होताच. १९२३ मध्ये त्या प्राचार्यपद सोडून भावनगरला बालमंदिरात आल्या. हुद्द्यानं बघितलं तर कॉलेजच्या प्राचार्य तीन-चार वर्षांच्या पोरांना शिकवायला खाली बसल्या. त्या काळी लहान पोरांना सांभाळणं हे काम शिकलेल्या माणसाचं मानलंच जात नव्हतं. आजही आपण फार पुढं गेलोय असं नाही.

बालमंदिरात मारायचं नाही, हा पहिला नियम. छडी लागे छमछम हा जमाना होता, त्यात हा नियम. पोरानं एका जागी हात बांधून बसायचं नाही. गोष्टी, गाणी, नाटक, बागेतलं काम, स्वतःचं ताट स्वतः घेणं, पाणी न सांडता ओतणं, बटणं लावणं. पोरगं जे स्वतःच्या हातानं करेल त्यातून शिकेल. शिक्षकानं बघायचं, मधेमधे नाचायचं नाही. गिजुभाईंच्या शेजारी राहून ताराबाईंनी हे नऊ-दहा वर्षं केलं, तेही गुजरातीत. मराठी घरातल्या बाईनं गुजराती पोरांना त्यांच्या भाषेत शिकवलं. पोराला त्याच्या घरच्या भाषेत शिकवायचं हा धडा त्यांनी तिथं हातानं गिरवला होता. पुढं कोसबाडला तो उपयोगी पडला.

१९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका नावाचं मासिक गुजरातीत निघत होतं. १९३३ पासून ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती चालवली. आईबापांशी बोलणारं हे मासिक. पोर हट्ट का करतं, खोटं का बोलतं, मारल्यानं काय होतं, जेवत नाही तर काय करावं, असले घरातले प्रश्न त्यात असायचे. मराठीत बालशिक्षण या विषयाला वाचक मिळवून दिला तो या पत्रिकेनं.

मॉन्टेसरी आधी कुणासाठी होती?

इथं थोडं थांबून मॉन्टेसरीबद्दल सांगायला हवं. आपल्या तालुक्याच्या गावातही आता मॉन्टेसरी अशी पाटी लावलेल्या शाळा निघाल्यात. बाहेर कार्टूनची चित्रं, आत प्लॅस्टिकची घसरगुंडी, आणि फी ऐकली की घसा कोरडा पडतो. गेल्या वर्षी भाच्याच्या मुलीच्या प्रवेशासाठी अशाच एका शाळेत जाऊन आलो. नर्सरीच्या वर्षाची फी, गणवेश, पुस्तकं, व्हॅन असा सगळा हिशोब मी वहीत मांडला. वखारीत तंबाखूच्या कामाला जाणाऱ्या बाईची कित्येक महिन्यांची मजुरी त्यात गेली असती.

आता मूळ बघा. मारिया मॉन्टेसरी ही इटलीतली डॉक्टर बाई. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत तिनं पहिलं बालगृह काढलं. तिथल्या चाळींत मजूर राहायचे. आईबाप दोघं कामाला जायचे, मागं पोरं जिन्यात हुंदडायची, भिंती खराब करायची. चाळीच्या मालकांनी वैतागून एक खोली दिली, की निदान पोरं एका जागी तरी राहतील. त्या खोलीतून मॉन्टेसरी पद्धत जगभर गेली. म्हणजे ही पद्धत जन्मली ती कामकरी आयांच्या पोरांसाठी, चाळीतल्या एका खोलीत, पाळणाघर म्हणून.

मग ती महाग का झाली? एक कारण साधनांचं. लाकडाचे ठरावीक मापाचे ठोकळे, दट्ट्या, मनोरे, खरखरीत कागदाची अक्षरं, मणी. सगळं मापात हवं, सुबक हवं. ते बनवायला कारागीर लागतो, पैसा लागतो. दुसरं कारण प्रशिक्षित शिक्षिका. त्या शहरात मिळायच्या आणि शहरातल्याच शाळा त्यांना पगार देऊ शकायच्या. मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळं कित्येक वर्षं इथंच राहिल्या. त्यांनी इथं पुष्कळ शिक्षक तयार केले. पण चळवळीचा तोंडवळा शहरीच राहिला.

ताराबाईंना हे आतून ठाऊक होतं, कारण त्या स्वतः त्याच चळवळीतल्या होत्या. १९३६ च्या सुमारास त्या मुंबईत आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. बालमंदिर आणि त्याला जोडून शिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिर. तिथून शिकून गेलेल्या बायकांनी ठिकठिकाणी बालवर्ग काढले. काम चांगलं चाललं होतं, नाव झालं होतं. पोरं कुणाची येत होती? नोकरदारांची, वकील-डॉक्टरांची, मध्यमवर्गातली. त्या पोरांचं भलंच होत होतं. पण देशातली बहुतेक पोरं खेड्यात होती आणि त्यांच्या आया शेतात होत्या.

१९३९ मध्ये गिजुभाई गेले. सोबतीचा माणूस गेला. त्याच सुमाराला गांधीजींची नई तालीम चर्चेत होती. पुढं १९४५ मध्ये शिक्षण सात वर्षांच्या आधीपासून सुरू झालं पाहिजे हा विचार त्यात आला. खेड्यातल्या लहान पोरांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सुटत नव्हता. वय त्रेपन्न झालं होतं. या वयात माणूस पेन्शनचा हिशोब करायला लागतो. त्यांनी दादरचं बस्तान दुसऱ्यांच्या हाती दिलं आणि बोर्डीला गेल्या.

बोर्डीचं अंगण

बोर्डी म्हणजे समुद्राकाठचं गाव, चिकूच्या वाड्यांचं. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. गुजरातची हद्द जवळच. भाषेनं बघितलं तर आपल्यासारखाच सीमाभाग, एका कानानं मराठी, दुसऱ्या कानानं गुजराती. आचार्य भिसे, चित्रे गुरुजी यांच्यासारख्या शिक्षकांनी तिथं आधीच शिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं. १९४५ च्या अखेरीला ताराबाईंनी तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

ज्या सालात त्या तिथं गेल्या, त्याच सालात त्या भागात वारल्यांचा मोठा उठाव झाला. वेठबिगारीविरुद्ध आणि जमीनदारांविरुद्ध. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे त्याचे पुढारी. ताराबाईंचं काम त्या चळवळीतलं नव्हतं, त्यांचा रस्ता वेगळा होता. पण ज्या माणसांच्या पोरांसाठी त्यांना काम करायचं होतं ती माणसं कुठल्या हालात होती, ते यावरून कळतं.

केंद्रानं गावात बालवाडी काढली. वेळ ठरली, जागा ठरली, साधनं मांडली. पोरं आली ती गावातल्या बऱ्या घरांतली. दलित वस्तीतली आली नाहीत, आदिवासी पाड्यांवरची आली नाहीत. का आली नाहीत याची कारणं शोधायला लांब जायला नको, आपल्या शिवारातही तीच आहेत. आई पहाटेच कामावर जाते. पोराला आंघोळ घालून, कपडे करून नेऊन सोडणार कोण? मोठी बहीण सोडेल म्हणावं तर तीच सात-आठ वर्षांची, आणि कडेवर आणखी एक. अंगावर धड कपडा नाही, म्हणून चांगल्या कपड्यातल्या पोरांत बसायची लाज. आणि शिवाशिवीचा धाक होताच.

बहुतेक संस्था इथं हात टेकतात. या लोकांनाच शिक्षण नको आहे असं अहवालात लिहून मोकळ्या होतात. ताराबाईंनी उलटं केलं. पोरं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी पोरांकडं न्यायची. शिक्षिका सामान घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. झाडाखाली किंवा कुणाच्या तरी अंगणात जागा झाडायची, सारवायची. पोरांना गोळा करायचं. आधी आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं, खरूज-फोडांना औषध. मग गाणी, गोष्टी, खेळ. आई घरात असली तर ती दारातून बघायची. बघता बघता तीही शिकायची. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. शब्द इतका साधा आहे की कुणी मुद्दाम बनवलाय असं वाटतच नाही.

आता साधनांचा प्रश्न. दादरची साधनं इथं परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी पाड्यावर वागवत नेणार कोण? पण बाईंनी त्या साधनांमागचा विचार पक्का धरला होता. ठोकळ्यांचा उपयोग काय, तर पोराला लहान-मोठं, जड-हलकं, रंग-आकार हाताला कळावं. मग समुद्रावरचे शंखशिंपले आहेत. बिया आहेत, पानं आहेत, गोटे आहेत, काड्या आहेत, माती आहे. शिंपले लहान-मोठे लावायचे, बिया वेगळ्या करायच्या, पानांचे आकार ओळखायचे, मातीचे गोळे करून मोजायचे. हे सगळं फुकट, आणि तुटलं-हरवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करता येतं.

कॉमर्सवाल्याला इथं एक गोष्ट दिसते. बाईंनी खर्च कमी केला तो वस्तूंवरचा. माणसावरचा केला नाही. पोरांशी नीट वागणारी, शिकलेली, पोराला ओळखणारी शिक्षिका हवीच, त्यात तडजोड नाही. म्हणून बोर्डीला पहिल्यापासून बालवाडीबरोबर शिक्षिकांचं प्रशिक्षणही चाललं. आज आपण नेमकं उलटं करतो. इमारत, रंगरंगोटी, टीव्ही, खेळणी यांना पैसा असतो, बाईच्या पगाराला नसतो.

अनुताई

बोर्डीला ताराबाईंना एक सहकारी मिळाली आणि या गोष्टीत तिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१० चा, मोरगावचा. लहान वयात लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. शिकून शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत नोकरी केली, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. पुण्यातली कायमची नोकरी होती. १९४५ मध्ये ती सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या त्या परत फिरल्याच नाहीत.

दोघींचा स्वभाव वेगळा, वयात अठरा वर्षांचं अंतर. ताराबाई विचार मांडणाऱ्या, लिहिणाऱ्या, सरकारदरबारी बोलणाऱ्या. अनुताई पाड्यावर चालत जाणाऱ्या, आयांच्या चुलीपाशी बसणाऱ्या. एकीशिवाय दुसरीचं काम उभं राहिलं नसतं. दोघींनाही आयुष्यानं घराबाहेर काढलं होतं आणि दोघींनीही दुसऱ्यांची पोरं आपली मानली. ताराबाईंमागं जवळजवळ वीस वर्षं अनुताईंनी संस्था चालवली. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

कोसबाडची टेकडी

बोर्डीत दहा-बारा वर्षं काढल्यावर १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला हललं. डहाणूजवळची टेकडी, आजूबाजूला वारल्यांचे पाडे. बोर्डीत निदान गाव होतं, बाजार होता, स्टेशन जवळ होतं. इथं रान. ताराबाईंचं वय पासष्ट.

इथं अडचण आणखी खोल होती. बालवाडीच्या वयाची पोरं अंगणात सापडायची. पण त्यांच्याहून मोठ्या पोरांचं काय? मुलगी असेल तर ती धाकट्याला सांभाळत घरी. मुलगा असेल तर गुरांमागं रानात. म्हणजे एका घरात तीन पोरं असली तर तिघांचीही अडवणूक एकमेकांत गुंतलेली. तान्ह्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून ताई शाळेत नाही. ताई शाळेत नाही म्हणून ती निरक्षर राहून लवकर संसाराला लागणार, आणि तिच्या पोरांचं पुन्हा तेच.

ताराबाईंनी यावर काढलेला तोडगा म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली. ताईनं कडेवरच्या भावाला घेऊन यायचं, त्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं. मधे वाटलं तर भावाला बघून यायचं. तान्हं पोर ताईला दिसतंय आणि ताई पोराला दिसतेय, त्यामुळं दोघंही निर्धास्त. मुलींची शाळा का सुटते याचं उत्तर पाळणाघरात आहे, हे १९५० च्या दशकात या बाईंनी कागदावर नव्हे तर चालवून दाखवलं.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं जिथं चरतात तिथंच मास्तरांनी जायचं. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली. झाडाची नावं, पक्षी, गुरांची मोजदाद, त्यातूनच गणित आणि अक्षरं. दिवसा मुळीच सवड नसणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. पोरांच्या घरची बोली वारली होती, पुस्तकातलं मराठी त्यांनाही परकंच. त्यामुळं शिक्षिकांना आधी पोरांची बोली, त्यांची गाणी कानात भरून घ्यावी लागायची.

हे सगळं सोपं झालं असं समजू नका. पोरं चार दिवस यायची, गवतकापणीचा हंगाम आला की पाडा रिकामा. लग्नसराईत कुणी नाही. आजार, उपासमार कायमची. पैशाची चणचण तर संस्थेच्या पाचवीला पुजलेली. हंगाम संपला की पुन्हा पाड्यावर जाऊन पोरं गोळा करायची, हेच वर्षानुवर्षं चाललं.

१९६२ मध्ये भारत सरकारनं ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ ला, एक्क्याऐंशी वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

त्यांच्या मागं काय झालं

त्या गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्प. कर्नाटकात पहिला मान म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला मिळाला. गावातल्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, अशा सहा सेवा. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका अंगणातून निघालेला शब्द एवढा पसरला.

पण बेरीज करताना वजाबाकीही बघावी लागते. सरकारनं अंगणवाडी घेतली, विकासवाडीतलं पाळणाघर बहुतेक ठिकाणी मागं राहिलं. अंगणवाडीत बसवायचं ते तीन ते सहा वर्षांच्या पोराला. सहा महिन्यांच्या, दीड वर्षाच्या तान्ह्याला आहार मिळतो, पण त्याला दिवसभर सांभाळणार कोण हा प्रश्न आईवरच राहतो. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत बायका बसतात. बेळगाव तालुक्यात रताळी काढायला, भाताची लावणी करायला बायका रोजगाराला जातात. त्यांची तान्ही पोरं कुठं असतात, हे बातमीदार म्हणून मी डोळ्यांनी बघतो. बांधावर, साडीच्या झोळीत, किंवा सात वर्षांच्या ताईच्या कडेवर. कोसबाडला १९५७ मध्ये जी ताई होती, तीच.

थोडी हालचाल अलीकडं झाली. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होतीच, पण ती मोठ्या कारखान्यांपुरती. शिवारातल्या बाईला तिचा उपयोग शून्य. केंद्र सरकारनं पाळणा योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये कूसिन मने, म्हणजे बाळाचं घर, ही योजना आणली. रोजगार हमीच्या आणि इतर कामावर जाणाऱ्या आयांच्या तीन वर्षांखालच्या बाळांसाठी ग्रामपंचायतीनं पाळणाघर चालवायचं, राज्यात चार हजार ग्रामपंचायतींत. आपल्या सीमाभागातल्या गावांनाही हे लागू आहे. आपल्या पंचायतीत ते आहे का, असेल तर रोज उघडतं का, बाळं येतात का, हे विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. माहिती नाही म्हणून विचारलं नाही, असं होऊ नये.

दुसरी गोष्ट अंगणवाडी सेविकांची. सरकारी कागदावर त्या मानसेवी. पगाराला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. पोरं सांभाळण्याबरोबर वजनं घेणं, रजिस्टर भरणं, मोबाइलवर माहिती चढवणं, निवडणुकीची आणि सर्व्हेची कामं, सगळं त्यांच्याच माथी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. ते प्रकरण गुजरातमधल्या दाहोदचं होतं. ज्या गुजरातेत ताराबाईंनी बालमंदिराचा पहिला धडा घेतला, तिथल्याच सेविकांनी हा हक्क मिळवला.

तिसरी गोष्ट भाषेची. आमच्या भागात हा विषय काढला की लगेच तोंडं दोन दिशांना होतात. पण तीन वर्षांच्या पोराला राजकारण कळत नाही. त्याला तहान लागली हे ज्या भाषेत सांगता येतं, ती भाषा समोरच्या बाईला कळली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. ताराबाई भावनगरात गुजरातीत बोलल्या, दादरला मराठीत, आणि कोसबाडच्या वर्गात वारली बोलीला जागा दिली. मराठी पोराला मराठी कळणारी बाई हवी हे जितकं खरं, तितकंच आपल्या मराठी गावात आलेल्या ऊसतोड कामगाराच्या, वीटभट्टीवरच्या कन्नड किंवा तेलुगू पोराला त्याची भाषा कळणारी बाई हवी, हेही खरं.

आपल्या गावात काय करता येईल

ताराबाईंच्या आयुष्यातून गावपातळीवर उचलण्यासारख्या गोष्टी मला तरी सरळ दिसतात. गावातल्या अंगणवाडीची वेळ आयांच्या कामाच्या वेळेशी जुळते का, हे ग्रामसभेत मांडता येतं. हंगामापुरतं का होईना, शाळेच्या किंवा मंदिराच्या एखाद्या खोलीत पाळणाघर चालवता येतं. त्याला पंचायतीचा निधी मागता येतो. दोन आज्या आणि एक शिकलेली मुलगी मानधनावर ठेवली तर दहा-पंधरा बाळांची सोय होते. खेळणी विकत आणायची गरज नाही, शिवारात आणि ओढ्याकाठी मुबलक आहेत. आणि वाचलेला पैसा बाईच्या मानधनात घालायचा.

कोसबाडची संस्था आजही आहे. डहाणू रोड स्टेशनवरून जाता येतं. आपल्या भागातल्या अंगणवाडी संघटनांनी, महिला मंडळांनी वर्षाची सहल काढताना एखाद्या वर्षी देवस्थानाऐवजी तिकडं जाऊन यायला हरकत नाही.

बाकी, उद्या सकाळी अंगणवाडीवरून जाल तेव्हा आतल्या बाईंना ताराबाईंचं नाव सांगा. माहीत नसेल तर हा लेख दाखवा.